पावणेचार फुटांचं क्षितिज

घरच्या प्रिंटरच्या खोक्यावर ‘ए-४’ असं छापलेलं असतं आणि बहुतेक जण त्यावर विश्वास ठेवून मोकळे होतात. पण ते अर्धंच खरं आहे. ए-४ ही मर्यादा रुंदीची. कागद आत शिरतो ती फट साधारण २१ सेंटिमीटरच्या कागदापुरतीच असते. त्याहून रुंद कागद तिथं जाणारच नाही. लांबीला मात्र यंत्रात आडवं येणारं काही नसतं. आपल्याकडे फोटो स्टुडिओंत आणि हौशी लोकांच्या घरी रुळलेला एप्सनचा एल-८०५ हा सहा रंगांचा ए-४ प्रिंटर साडेआठ इंच रुंद आणि ४४ इंच लांब कागद छापून देतो. त्याच घराण्यातला ए-३ वर्गातला एल-१८०० तेवढाच लांब, पण जवळपास १३ इंच रुंद कागद घेतो. ४४ इंच म्हणजे तीन फूट आठ इंच, पावणेचार फुटांना इंचभर कमी. पुण्याजवळच्या मांजरीतल्या एखाद्या टू-बीएचके फ्लॅटच्या हॉलमध्ये सोफ्यावरची भिंत रिकामी असते. तिथं शोभेल असा आडवा, लांबलचक फोटो त्याच घरातल्या टेबलावर छापता येतो.

सगळ्याच कंपन्या इतक्या उदार नाहीत. कॅननच्या बऱ्याच घरगुती मॉडेलांमध्ये लांबीची मर्यादा ६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेसव्वीस इंचांच्या आसपास असते. ही अट यंत्रापेक्षा ड्रायव्हरची, म्हणजे संगणक आणि प्रिंटर यांच्यामध्ये बसलेल्या सॉफ्टवेअरची असते. त्यामुळे आपल्या प्रिंटरची लांबी किती, हे खोक्यावर शोधू नका. ड्रायव्हरमध्ये कागदाच्या आकारांच्या यादीत अगदी खाली ‘यूजर डिफाइन्ड’ किंवा ‘कस्टम’ असा पर्याय असतो. तिथं लांबीचा मोठा आकडा टाकून पाहा. चालणार नसेल तर ड्रायव्हर स्वतःच सांगतो की कमाल किती चालेल.

प्रिंटरला अख्खं चित्र माहीतच नसतं

लेझर प्रिंटर साधारणपणे आख्खं पान आधी स्मृतीत मांडतो आणि मग छापतो. इंकजेटचा कारभार वेगळा. त्याचं हेड डावीकडून उजवीकडे धावतं, एक बारीक पट्टी छापतं, कागद किंचित पुढे सरकतो, हेड परत फिरतं. मागावर धोटा इकडून तिकडे जातो आणि कापड तसूतसूनं पुढे येतं, तसंच हे काम. कापड किती वार निघणार याच्याशी धोट्याला कर्तव्य नसतं. इंकजेटच्या हेडलाही आपण पोस्टकार्ड छापतोय की चार फुटांचा पॅनोरामा, याचा पत्ता नसतो.

एल-१८०० च्या हेडमध्ये प्रत्येक रंगाची ९० छिद्रं असतात आणि त्यांतून निघणारा सर्वांत लहान थेंब दीड पिकोलिटरचा असतो. हिशेब केला तर अशा थेंबाचा व्यास १४ मायक्रॉनच्या आसपास भरतो, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा साधारण पाचवा हिस्सा. दर्जा ‘बेस्ट’ ठेवला तर एकाच जागेवरून हेड अनेकदा फिरतं आणि आधीच्या फेरीत राहिलेल्या मोकळ्या जागा भरत जातं.

थेंब उडवण्याच्या दोन रीती आहेत. एप्सनच्या हेडमध्ये विजेच्या दाबानं आकार बदलणारा पिझो स्फटिक शाई ढकलतो. कॅनन आणि एचपी यांच्या हेडमध्ये शाई क्षणभर इतकी तापते की तिच्यात बुडबुडा होतो आणि तो थेंबाला बाहेर फेकतो. या दुसऱ्या रीतीची सुरुवात १९७७ सालची. कॅननच्या प्रयोगशाळेत इचिरो एंडो यांच्या हातून तापलेली सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला टेकली आणि सुईच्या टोकातून शाई उडाली. त्यातून पुढे ‘बबल जेट’ जन्माला आलं. १९८४ मध्ये एचपीनं याच तत्त्वावरचा ‘थिंकजेट’ बाजारात आणला.

आपल्याकडे मात्र सिरिंजचा संबंध उलट्या बाजूनं आला. महागडं कार्ट्रिज परवडत नाही म्हणून त्याला सुईनं भोक पाडून शाई भरण्याचा उद्योग गल्लोगल्लीच्या रिफिलच्या दुकानांत चाले. एप्सननं २०१० मध्ये इंडोनेशियात शाईच्या टाकीचा प्रिंटर आणला आणि थोड्याच काळात तो भारतातही आला. घरगुती पॅनोरामा शक्य झाला तो खरं तर या टाकीमुळे. चार चौरस फुटांच्या गडद फोटोला शाई लागते, आणि कार्ट्रिजच्या भावात ती मोजली तर हौस पहिल्याच प्रिंटला फिटली असती. फोटोच्या छपाईला चौरस फुटामागे साधारण एक-दीड मिलिलिटर शाई लागते. रात्रीचं दृश्य असेल तर जास्त. टाकीत बाटलीनं शाई ओतली की हा खर्च कागदाच्या खर्चापेक्षा कमी पडतो.

कॅमेराही पट्ट्याच जोडतो

फोन आडवा फिरवत आपण पॅनोरामा घेतो, तेव्हा तो एक फोटो नसतो. फोन धडाधड फ्रेम घेत जातो, प्रत्येक फ्रेमच्या मधली उभी पट्टी उचलतो आणि शेजारच्या पट्टीला जोडतो. आयफोनमध्ये ही सोय २०१२ मध्ये आयओएस ६ बरोबर आली. संगणकावर सुटे फोटो आपोआप जोडणारं ‘ऑटोस्टिच’ त्याच्या आधी, २००३ च्या सुमारास, कॅनडात मॅथ्यू ब्राउन आणि डेव्हिड लो यांनी तयार केलं. दोन फोटोंतला तोच खांब, तोच कोपरा यंत्राला ओळखता यावा, ही त्यातली किल्ली. आज फुकट मिळणारं ‘हगिन’ आणि फोटोशॉपमधलं ‘फोटोमर्ज’ हेच काम करतात.

कल्पना मात्र फार जुनी. रॉबर्ट बार्कर यांनी गोल इमारतीच्या आतल्या भिंतीवर सर्व बाजूंचं दृश्य रंगवण्याच्या पद्धतीचं पेटंट १७८७ मध्ये घेतलं. १८४५ मध्ये फ्रीडरिश फॉन मार्टेन्स यांनी फिरत्या भिंगाचा कॅमेरा केला. १८५८ मध्ये लखनौला आलेल्या फेलिचे बीआतो यांनी उठावानंतरच्या शहराची दृश्यं एकाशेजारी एक फोटो चिकटवून उभी केली. १९०४ मध्ये आलेला ‘सर्कट’ कॅमेरा स्वतःच तिवईवर फिरायचा आणि आतली फिल्मही त्याच वेळी सरकायची. शेकडो माणसांचे लांबच लांब ग्रुप फोटो या यंत्रानं निघाले. कॅमेरा दुसऱ्या टोकाला पोहोचण्याआधी मागून पळत जाऊन एकाच फोटोत दोनदा उभी राहणारी वात्रट पोरंही त्याच काळातली.

पट्टीपट्टीनं टिपण्याचा एक तोटा मांजरीकरांना गावातच पाहता येतो. गाव पुणे-दौंड लोहमार्गावर आहे. स्टेशनाजवळ उभं राहून गाडी जात असताना फोन गाडीच्या दिशेनं फिरवा: डबे ताणून लांब झालेले दिसतील. उलट दिशेनं फिरवा: तीच गाडी आखडून दोन-चार डब्यांची होईल. प्रत्येक पट्टी वेगळ्या क्षणाची, हे त्याचं कारण. घोड्यांच्या शर्यतीत कोणाचं नाक आधी पोहोचलं हे ठरवणारा ‘फोटो फिनिश’ कॅमेरा याच दोषाचा उपयोग करून घेतो. तो अंतिम रेषेवरच्या एकाच चिंचोळ्या फटीकडे बघत राहतो आणि त्या फटीतून गेलेला प्रत्येक क्षण शेजारी शेजारी मांडतो. पुण्याच्या रेसकोर्सवर पावसाळी हंगामात शर्यती होतात, तेव्हा निकाल असाच लागतो.

म्हणजे पॅनोरामा जन्माला येतो पट्ट्यांनी आणि इंकजेट छापतो तोही पट्ट्यांनी. चौकोनी फोटो मोठा करायचा तर प्रिंटर रुंदच लागतो. पॅनोरामा मोठा करायला कागद लांब असला की पुरतं. घरच्या लहान प्रिंटरवर खरोखर मोठा निघू शकेल असा फोटो हाच.

टिपताना घ्यायची काळजी

छपाईत दिसणारे निम्मे दोष टिपतानाच झालेले असतात. मांजरी बुद्रुक आणि मांजरी खुर्द यांच्यामधून मुळा-मुठा वाहते. नदीवरच्या पुलावरून खालच्या अंगाला, म्हणजे साधारण पूर्वेकडे पाहिलं, तर दोन्ही काठ आणि कित्येकदा नदी झाकून टाकणारी जलपर्णी एका नजरेत येते. हे दृश्य सकाळी घ्याल तर सूर्य समोर आणि सगळं काळवंडलेलं. संध्याकाळी सूर्य पाठीशी असतो आणि प्रकाश दोन्ही काठांवर सारखा पडतो.

फोन फिरवण्याआधी पडद्यावर बोट दाबून धरा आणि प्रकाश कुलूपबंद करा, नाहीतर आकाश एका टोकाला निळं आणि दुसऱ्या टोकाला पांढुरकं येईल. छोट्या पडद्यावर ते खपतं, चार फुटांवर डोळ्यात खुपतं. मोठ्या कॅमेऱ्यावर याच कारणासाठी पोलरायझर काढून ठेवावा; तो आकाशाचा एकच तुकडा गडद करतो. कॅमेरा उभा धरून फोटो घ्यावेत आणि प्रत्येक फोटो आधीच्या फोटोवर साधारण तिसरा हिस्सा चढलेला असावा.

दुसरा प्रश्न जवळच्या वस्तूंचा. मांजरीतच राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. ‘मांजरी मेडिका’, ‘मांजरी नवीन’ या द्राक्षवाणांची नावं इथूनच आली. द्राक्षबागेच्या बांधावर उभं राहून पॅनोरामा घेतला की हमखास एक गोष्ट घडते: लांबचे डोंगर सुरेख जुळतात आणि समोरच्या मांडवाच्या तारा मध्येच तुटतात. कॅमेरा हातभर अंतरावर धरून आपण अंगानं फिरलो, तर भिंगाची जागा बदलत जाते आणि जवळची तार लांबच्या डोंगरापुढून सरकते. उपाय दोन. एक तर तीस-चाळीस फुटांच्या आत काही येणार नाही अशी जागा निवडा, नाहीतर फोन शरीराच्या जवळ धरून, त्याच्याच उभ्या रेषेभोवती आपण फिरा.

सरळ रेषाही फसवतात. रेल्वेचा फलाट किंवा सोलापूर रस्ता अगदी समोरून, जवळून घेतला की पॅनोरामात तो कमानीत वाकतो. जोडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘रेक्टिलिनियर’ मांडणी निवडली तर रेषा सरळ राहतात, पण दृश्य फार रुंद असेल तर कडांवरच्या वस्तू ओढल्यासारख्या होतात. फार रुंद दृश्याला ‘सिलिंड्रिकल’ मांडणीच बरी. म्हणून मुळातच वळणाचा विषय पॅनोरामाला मानवतो. आषाढी वारीत दोन्ही पालख्या हडपसरला वेगळ्या होतात. तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोरकडे जाते, तर माउलींची सासवडच्या वाटेनं दिवे घाट चढते. घाटाची नागमोडी वाट, तिच्यावरची वारकऱ्यांची रांग आणि खाली मस्तानी तलाव हे दृश्य दुरून घेतलं, तर माणसं इतकी बारीक येतात की त्यांच्या चालण्यानं जोड बिघडत नाहीत. रस्त्याकडेला उभं राहून घेतलेल्या पालखीच्या पॅनोरामात मात्र अर्धी माणसं आणि बिनपायाचे झेंडे निघतात.

पिक्सेलचा हिशेब

प्रिंटरच्या जाहिरातीत ‘५७६० डीपीआय’ असा आकडा असतो. तो शाईच्या ठिपक्यांचा आहे. रंगाची एक छटा उमटवायला असे अनेक ठिपके लागतात, म्हणून फोटोत इंचाला ५७६० पिक्सेल हवेत असा त्याचा अर्थ नाही. आपण बघायचा तो इंचामागे पिक्सेलचा आकडा, पीपीआय.

निरोगी डोळा साधारण एक कलापर्यंतचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतका, फरक ओळखतो. त्यावरून एक सोपं सूत्र निघतं: ३४३८ ला पाहण्याच्या अंतरानं (इंचांत) भागा. एक फुटावरून बघताना इंचाला सुमारे २८६ पिक्सेल लागतात, दोन फुटांवरून १४३, सहा फुटांवरून ४८. तीस फुटांवरून तर दहासुद्धा पुरतात. चौकातला भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स हाही इंकजेटच असतो, फक्त शाई आणि कापड वेगळं. रस्त्याच्या पलीकडून तो झकास दिसतो आणि खाली जाऊन बघितलं की चेहऱ्याचे सुटे ठिपके मोजता येतात.

पण या सूत्रावर विसंबून पॅनोरामा ५० पीपीआयला छापू नका. सोफ्यावरचा फोटो सहा फुटांवरून बघायचा, हा हिशेब भिंतीला ठीक आहे, पाहुण्याला नाही. पाहुणा उठतो, नाक लावतो आणि विचारतो, “आपली सोसायटी यात कुठं आली?” पॅनोरामा हा शोधण्यासाठी बघितला जाणारा फोटो आहे. तेव्हा २०० पीपीआय हा तळ समजावा आणि ३०० मिळाले तर उत्तम.

तेरा इंच उंचीच्या फोटोला २०० नं २६०० पिक्सेल उंची लागते आणि ३०० नं ३९००. चांगल्या फोनच्या पॅनोरामाची उंची याच टप्प्यात असते. आयफोन ६-एसवर ६३ मेगापिक्सेलपर्यंतचा पॅनोरामा निघत असे. चोवीस मेगापिक्सेलचा कॅमेरा उभा धरला तर एक फोटो ४००० रुंद आणि ६००० उंच असतो. सात फोटो तीस टक्के एकमेकांवर चढवून घेतले तर जोडलेली रुंदी जवळपास २०,८०० पिक्सेल होते. वरखाली कातरल्यावर उंची ५००० उरली तरी १३ इंचांवर ती ३८० पीपीआय देते. म्हणजे घरच्या छपाईपुरता कॅमेरा कमी पडत नाही. कमी पडतो तो व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो, कारण वाटेत त्याचे पिक्सेल छाटले गेलेले असतात. मूळ फाइलच मागवा, आणि ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा.

कागद

लांब फोटो कागद सुटा मिळणं अवघड, कारण तो रोलमध्ये येतो. १३ इंच रुंदीचे रोल आहेत, पण दुकानात सहज सापडतो तो प्लॉटरसाठीचा २४ इंची रोल, साधारण ३० मीटर लांबीचा. एका हौशी माणसाला तो जन्माचा पुरेल, म्हणून दोघा-तिघांत घ्यावा. ४४ इंचांचे तुकडे पाडले तर त्यातून २६ निघतात आणि प्रत्येक तुकडा मधोमध कापला की १२ इंच रुंदीच्या ५२ पट्ट्या मिळतात. कापण्याचं काम घरी कात्रीनं करू नये. छापखान्यात कटिंग मशीन असतं, तिथं काटकोनात कापून घ्यावं. कड तिरकी असेल तर कागद आत तिरका जातो, आणि अर्ध्या अंशाचा तिरकेपणाही ४४ इंच गेल्यावर जवळपास एक सेंटिमीटरचा फरक पाडतो.

रोलचा कागद वळलेलाच असतो. वळलेली कड हेडला घासली की फोटोवर काळा ओरखडा पडतो आणि हेडही बिघडू शकतं. कागद एखाद्या जाड पीव्हीसी पाइपावर उलटा गुंडाळून तासभर ठेवा, मग सपाट जागी स्वच्छ कागदाखाली जड पुस्तकं ठेवून रात्रभर दाबा. छापायच्या बाजूला बोट लावू नका. घामाचा डाग शाई घेत नाही.

चकचकीत, साटिन की मॅट? टाकीच्या बहुतेक फोटो प्रिंटरांची शाई डाय प्रकारची असते, ती कागदाच्या लेपात मुरते आणि चकचकीत कागदावर रंग उठून दिसतात. पण खिडकीसमोरच्या भिंतीवर चार फूट चकाकी म्हणजे चार फूट आरसा. साटिन हा मधला मार्ग.

प्रत्यक्ष छपाई

आधी दोन चाचण्या घ्या. एक, आख्खा पॅनोरामा ए-४ वर आडवा, लहान करून छापा. त्यावरून रंग आणि उजेड कळतो. फोनचा पडदा स्वतः उजळतो आणि कागद फक्त पडलेला प्रकाश परतवतो, म्हणून पहिला प्रिंट जवळजवळ नेहमीच काळपट येतो. मधल्या छटा थोड्या उजळ करा. दोन, चित्रातला सर्वांत बारीक तपशिलाचा तुकडा अंतिम आकारातच चार बाय सहाच्या कागदावर छापा. त्यावरून स्पष्टता कळते. नोझल चेकही याच वेळी करा. छत्तीसाव्या इंचावर निळा रंग गायब झाला, तर शाईपेक्षा कागद जास्त वाया जातो.

ड्रायव्हरमध्ये कागदाचा आकार बेतून द्या, कागदाचा प्रकार बरोबर निवडा आणि ‘फिट टू पेज’ बंद करा. ‘हाय स्पीड’ची खूणही काढा: ती असली की हेड जाताना आणि येतानाही छापतं, आणि दोन्ही फेऱ्या तंतोतंत जुळल्या नाहीत तर कडा दुहेरी दिसतात. रंगांचा कारभार एकाकडेच ठेवा, फोटोच्या सॉफ्टवेअरकडे किंवा ड्रायव्हरकडे. दोघांनी मिळून केला की रंग दोनदा बदलतो.

बिनकाठाची छपाई टाळावी. तिच्यात चित्र थोडं फुगवलं जातं आणि कडेबाहेरची शाई प्रिंटरच्या पोटातल्या स्पंजात वाया जाते. शिवाय कागदाचं शेवटचं टोक मागच्या रबरी रुळातून सुटल्यावर फक्त पुढच्या रुळांच्या भरवशावर असतं, तिथं छपाई डगमगते. शेवटी दीड-दोन इंच कोरा कागद सोडा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: कागदाचा भार. कागद मागून उभा आत जातो आणि सुरुवातीला तीन फुटांहून जास्त शेपूट वर असतं. ते मागे लोंबकळलं तर त्याच्या वजनानं कागद रुळांत घसरतो, पुढे सरकण्याचं माप चुकतं आणि फोटोवर आडव्या बारीक रेघा उमटतात. म्हणून प्रिंटर भिंतीपासून दूर, टेबलाच्या पुढच्या कडेशी ठेवा. एका माणसानं शेपूट दोन्ही हातांनी अलगद पेलायचं. ओढायचं नाही, ढकलायचंही नाही. प्रिंटर जेवढा घेईल तेवढा द्यायचा. पुढं जमिनीवर धुतलेली चादर अंथरा, निघालेला भाग त्यावर उतरू द्या. उत्तम दर्जाला वीस मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत वेळ लागू शकतो, तेवढा वेळ पंखा बंद.

वीज गेली तर प्रिंट गेला. इंकजेट अर्ध्यावरून पुढे सुरू होत नाही. पुणे परिसरात देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार बहुधा गुरुवार असतो, हे ध्यानात ठेवून वार निवडा. संगणकासाठी घरी असलेला छोटा यूपीएस प्रिंटरलाही सहज झेपतो, कारण इंकजेटला लेझरसारखी शेकडो वॅट वीज लागत नाही.

पावसाळा आणि भिंत

जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत कागद ओल धरतो, शाई वाळायला वेळ लागतो आणि रंग पसरतात. उरलेला कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवा. जमलं तर मोठे प्रिंट दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत काढा. उन्हाळ्यात उलटा त्रास असतो: प्रिंटर महिनाभर बंद राहिला की छिद्रांत शाई सुकते. आठवड्यातून एक लहानसं रंगीत पान छापलं तर ही पाळी येत नाही.

छापलेला फोटो लगेच फ्रेमवाल्याकडे नेऊ नका. साधा कोरा कागद वर ठेवून किमान एक दिवस वाळू द्या, नाहीतर शाईतले द्रव हळूहळू उडतात आणि काचेच्या आतून धुकट थर धरतात. फोटो काचेला टेकता कामा नये, दमटपणात तो चिकटतो आणि मग निघताना रंगासकट निघतो. भोवती माउंट बोर्डाची चौकट घातली की मध्ये फट राहते. डाय शाईला उन्हाचं आणि हवेतल्या ओझोनचं वावडं असतं. काच लावलेला आणि थेट ऊन न येणारा फोटो, तसाच उघडा लावलेल्या फोटोपेक्षा पुष्कळ जास्त टिकतो.

मापाचं म्हणाल तर सोफ्याच्या साधारण दोन तृतीयांश रुंदीचं चित्र वर शोभतं. साडेसहा फुटांच्या सोफ्याला ते ५२ इंच येतं. ४४ इंचांचा फोटो आणि दोन्ही बाजूंना चार-चार इंच माउंट-चौकट, की झाले ५२. याहून मोठा हवा असेल तर एकच दृश्य तीन पट्ट्यांत छापून तीन वेगळ्या फ्रेम थोड्या अंतरानं लावा, म्हणजे जोड लपवण्याची झटापट उरत नाही. तिन्ही पट्ट्या एकाच बैठकीत, एकाच रोलमधून छापा, नाहीतर आकाशाचा निळा तीन तऱ्हेचा निघेल. सलग सहा-सात फूटच हवा असेल, तर दुकानातल्या मोठ्या प्लॉटरवर छापून सनबोर्डवर चढवून घ्या. त्या मापाला घरी भांडत बसण्यात अर्थ नाही.

४४ इंचांपर्यंत मात्र दुकानाची गरज नाही. आपल्या फोनमधला एखादा जुना पॅनोरामा उघडा आणि त्याच्या माहितीत उंचीचे पिक्सेल किती आहेत ते बघा. आकडा १७०० असेल तर ए-४ रुंदीच्या प्रिंटरवर तो छापण्याजोगा आहे. २६०० च्या वर असेल तर १३ इंची प्रिंटर असलेला शेजारी शोधा, आणि छपाईच्या वेळी कागदाचं शेपूट धरायला त्यालाच उभं करा.